किन्हीराजाच्या विहिरीतली भरती

सुरुवात डाळीपासून झाली. तुरीची डाळ चुलीवर चढवली, लाकडं संपत आली, पण ती काही शिजेना. माझे मालक, संघपाल, म्हणाले, "तुह्यच ध्यान नसन." माझं ध्यान! मी विहिरीचं पाणी ओंजळीत घेऊन त्यांच्या तोंडापुढे धरलं. त्यांनी घोट घेतला आणि लगेच थुंकून टाकला. पाणी खारट होतं.

चूक आमचीच. विहीर आटली म्हणून तिच्या तळात बोअर मारलं, पाणी लागेना तसं आणखी खोल नेलं. हरभरा घाट्यावर आलेला, दाणा भरायचा होता, त्याला एक पाणी हवंच होतं. हे दिलं तर पीक जळणार, न दिलं तर वाळणार. वर्षाचं खाणं त्या रानात उभं होतं.

माझी धाकटी जाऊ अंजना कोकणातली. तिच्या माहेरी समुद्राचा बांध फुटला की सारं गाव रांगेत उभं राहतं, चिखलाची टोपली हातोहात पुढे जाते. भगदाडात उभा असलेला माणूस मागे न बघता नुसतं "दे" म्हणतो. एका भरतीला तिचे वडील असेच उभे होते. लोक घाबरून रांग मोडून पळाले. वडील सापडले नाहीत आणि शेतही खारं झालं ते कायमचं.

मोटर बंद असूनही आमच्या विहिरीतलं पाणी चढायचं, उतरायचं. अंजना वाकून बघत राहिली. "ताई, ही भरती आहे," ती म्हणाली. मी हसले. वाशीम जिल्ह्यातल्या आमच्या किन्हीराजा गावात कुठला समुद्र! पण खारं पाणी बोअरातूनच येतंय हे दिसत होतं, म्हणून दुसऱ्याच दिवशी ते बुजवायचं ठरलं.

उन्हं कलली तेव्हा पाणी उतरलेलं होतं. संघपाल गोणपाट गुंडाळलेली खुंटी घेऊन बोअर बुजवायला खाली उतरले. आम्ही दोघी वरून काळ्या मातीचा चिखल टोपल्यानं सोडत होतो. हळूहळू विहिरीतून मासळीचा वास येऊ लागला.

"रत्ना... खुटी बसली. पन खालून कोनीतरी चिखल लावून राह्यलं..."

"आवं, वर या!"

"थांब... तो 'दे' म्हनून राह्यला..."

अंजनानं माझा हात घट्ट धरला. "रांग मोडू नका, ताई. बाबा आहेत."

मी कसली ऐकते! ओरडून, शिव्या घालून नवऱ्याला वर आणलं. त्यांचे हात कोपरापर्यंत चिखलानं माखले होते. आमची माती काळी. तो चिखल राखाडी होता.

पाणी गोडं झालं. डाळ शिजली, हरभरा वाचला. मी सुखानं झोपायला हवं होतं. पण रोज दिवेलागणीला विहिरीतून "दे" ऐकू येतं आणि अंजना चिखलाचं एक टोपलं खाली सोडते. एकदा ती शेलूबाजारला गेली, टोपलं राहिलं, तर सकाळी पाणी पुन्हा खारट. तेव्हापासून चुकवायची हिंमत नाही.

काल ती तापानं पडली होती, म्हणून टोपलं घेऊन मी गेले. भीती वाटत होती, म्हणून संघपालना सोबत नेलं. दोर त्यांनीच धरला होता.

खालून "दे" आलं. मी टोपलं सोडलं. मग त्या आवाजाच्या मागून दुसरा आवाज आला, दमलेला, ओळखीचा.

"रत्ना... लवकर दे."

मी शेजारी पाहिलं. संघपालचे ओठ मिटलेले होते. ते खाली वाकून स्वतःचाच आवाज ऐकत होते.