मामानं श्वास रोखला होता

विश्वास ठेवा, नाहीतर वेड्यात काढा. पण मशीन माझ्या हाताखाली होतं आणि टेबलावर माझा सख्खा मामा. यात पदरचं काही घातलेलं नाही.

मी सीटी स्कॅनची टेक्निशियन. मामाचा आतड्याचा कॅन्सर लिव्हरमध्ये पसरला होता. एकच गाठ. पोट न उघडता, बाहेरून सुई घालून ती उष्णतेनं जाळायची असं ठरलं. सुईचं टोक कुठे पोचलं, गाठ पूर्ण जळली का, याची चित्रं काढून जपून ठेवणं हे माझं काम.

बुधवार होता. भर दुपार.

"आयुष्यात दारूचा थेंब नाही, आणि भाजताय माझंच लिव्हर!" मामा तिथंही हसवत होता.

"गप पड रे. मी सांगेन तेव्हा श्वास रोखायचा. हललास तर सुई चुकेल."

अर्धवट भूल दिली. सुई आत गेली. स्कॅनसाठी आम्ही सगळे काचेपलीकडे आलो. जड दार लागलं.

आत फक्त मामा.

मी माइकचं बटण दाबलं. "मामा, श्वास सोड... आता रोख."

त्याचं पोट थांबलं. काचेतून स्पष्ट दिसत होतं.

आणि स्पीकरमधून...

श्वास ऐकू आला.

सावकाश. खोल. कुणी माइकला ओठ लावल्यासारखा.

डॉक्टरांनीही ऐकला. "ऑक्सिजनची नळी असेल."

नर्सनं आत जाऊन पाहिलं. नळी ठीक होती.

"सोड... रोख."

पुन्हा तेच. श्वास आत घेतल्याचा आवाज... सोडल्याचा नाहीच.

थांबायची सोय नव्हती. सुई लिव्हरमध्ये होती.

गाठ जळली. शेवटच्या चित्रात तिच्या जागी स्वच्छ काळा गोल. डॉक्टर खूश.

बाहेर आणल्यावर मामानं माझं मनगट घट्ट धरलं.

"आत ती बाई कोण बसवली होतीस गं?"

"कुठली बाई?"

"उशाशी होती. मी श्वास सोडला, की ती घ्यायची... सगळा."

भुलीत बरळतोय, म्हणून मी हसण्यावारी नेलं. बाहेर थांबलेली मामी हसली नाही.

त्यानंतर मामा वाळतच गेला. बसल्या बसल्या धाप लागायची. म्हणायचा, "सोडलेला परत येत नाही गं."

पुन्हा स्कॅन केला. मीच केला. लिव्हर साफ. फुप्फुसं साफ. हृदयही ठणठणीत. एकेक चित्र मी डोळे फुटेपर्यंत पाहिलं.

काहीच नव्हतं.

"रिपोर्ट तर चांगला आहे," डॉक्टर म्हणायचे. आणि नजर चुकवायचे.

मामीनं एकदा माझ्यापुढे हात जोडले. "तू रोज हेच बघतेस ना? मग तुला दिसत कसं नाही?"

मी पुन्हा पहिल्या चित्रापासून बघायला बसले.

तो गेला तेव्हा आम्ही दोघीच त्याच्याजवळ होतो. त्यानं एक लांब श्वास सोडला. पुढच्याची मी वाट पाहत राहिले...

मामाची छाती हललीच नाही.

पण खोलीत कुणीतरी श्वास आत घेतला.

मी मामीकडे पाहिलं, तिनं माझ्याकडे. दोघींनीही तोंडावर हात गच्च दाबून धरला होता.

मी अजून त्याच विभागात आहे. पेशंटला "श्वास रोखा" सांगताना मीही माझा रोखते.

ऐकू आलाच... तर तो माझा नाही, एवढं तरी कळावं म्हणून.