दीड हाताचं अंतर

मी त्याचं मनगट धरलं ते पळून चाललेला पेशंट समजून. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या मानसोपचार वॉर्डात ही गोष्ट अजून माझ्या तोंडावर सांगितली जाते, आणि दर वेळी तिखटमीठ लावून.

सोमवारची सकाळ होती. खालून फोन आला, नवीन दाखल झालेला एकजण वर सटकलाय, उंच आहे, बघा. मी कॉरिडॉरमध्ये येते तर काय — एक उंच माणूस, एकच बाही दुमडलेली, बुटाची नाडी सुटलेली, चादरींच्या खोलीची कडी हलवून बघतोय! आता मला सांगा, तुम्ही काय समजला असता? मी मागून गेले आणि धरलं. माझी पकड वॉर्डात प्रसिद्ध आहे. गेल्या सहा वर्षांत तिच्यातून कोणी सुटलं नव्हतं.

"चला बरं खाली," मी म्हणाले. "शहाण्यासारखं."

त्याने वळून बघितलं. ओरडला नाही, हिसडा दिला नाही. "सिस्टर, तुम्ही घाबरला आहात का?"

"घाबरतंय माझं खेटर!"

"नाही... माझ्या मनगटाला आपलं तसं वाटलं." असं म्हणून त्याने हात हलकेच माझ्या अंगठ्याच्या बाजूला वळवला, आणि सुटला. मी रिकाम्या मुठीकडे बघतच राहिले.

तेवढ्यात मोठ्या सिस्टर, म्हणजे आमच्या मेट्रन, समोरून आल्या. "अरे वा, ओळख झाली वाटतं! हे आपले प्रशिक्षक. चिडलेल्या पेशंटला न धरता, न बांधता कसं शांत करायचं, ते पाच दिवस शिकवणार आहेत."

धरणीने पोटात घेतलं तर बरं, असं झालं मला. खरा पेशंट खाली चहाच्या मशीनपाशी सापडला.

"असू दे, सिस्टर," तो म्हणाला. "मला उदाहरण आयतंच मिळालं." डोळ्यांत हसू. त्या हसण्याचा मला जाम राग आला. आणि दुपारपर्यंत ते तीनदा आठवलं, याचा त्याहून जास्त.

पहिल्याच तासाला त्याने खडूने फरशीवर रेघ मारली. "चिडलेल्या माणसापासून निदान दीड हात लांब. समोर छाती काढून नाही, जरा तिरकं उभं राहायचं. हात दिसले पाहिजेत. दार त्याच्यासाठी मोकळं. आणि 'शांत व्हा' म्हणायचं नाही. असं म्हटल्यावर आजवर कोणी शांत झालंय? घरी म्हणून बघा, लाटणं येईल अंगावर."

सगळे हसले. मी त्याचं नाव 'दीड हात' ठेवून टाकलं. मग नाटक सुरू झालं. तो चिडलेला पेशंट, मी सिस्टर. त्याने उशी भिरकावली, आणि मी सवयीने तीन पावलांत त्याच्यापाशी.

"सिस्टर," तो हळूच म्हणाला, "तुम्ही फार जवळ आलात."

"ओ हो हो!" मागून अख्खा वर्ग. मला कान गरम झाल्याचं कळलं. त्याचेही लाल झाले होते, मी बघितलं ना!

पण मला हे शिकणं खेळ नव्हता. त्याचं कारण मास्तर. सत्तरी उलटलेले, शाळेतून निवृत्त झालेले, तीन वर्षं आमच्याकडे. मला ते 'मॉनिटर' म्हणायचे. बाकी दिवसभर गरीब गाय, पण चार वाजले की काठी घेऊन दाराकडे निघायचे. अडवलं की आरडाओरडा, काठी उगारणं; मग आम्ही तिघं-चौघं मिळून धरायचो, कधी पलंगाला पट्टे. गेल्या आठवड्यात त्यांच्या मुलीने मनगटावरचे निळे डाग बघितले. ती भांडली नाही, नुसती ते डाग चोळत बसली. मोठ्या सिस्टरांनी मला बोलावून सांगितलं, "आता एकदा जरी धरावं लागलं, तर त्यांना मागच्या बंद वॉर्डात हलवायचं. आपल्याला झेपत नाही म्हणून लिहून द्यायचं." तिथे ना बाग, ना उघडी खिडकी. मास्तर तिथे महिनाभर काढणार नाहीत, हे मला पक्कं माहीत होतं.

बुधवारी चहाच्या मशीनपाशी दीड हात भेटला. मी म्हणाले, "तुमचं सगळं छान हो, पण माझ्या पहिल्या वर्षी एक बाई हातातून सुटली, जिन्यावरून पडली. तेव्हापासून मी धरते. रागाने नाही... भीतीने."

"माहीत आहे."

"तुम्हाला कसं माहीत?"

"मीही धरणारा होतो. वॉर्डबॉय. माझ्याइतके पक्के पट्टे कोणाचे नसायचे." त्याने कप फिरवला. "एकदा पट्टा सोडताना एका आजोबांनी विचारलं, पोरा, मला नुसतं पाणी हवं होतं, आधी विचारलं असतंस तर? त्यानंतर माझ्याच्याने बांधवलं नाही."

चहा निवून गेला, आणि मला तो तसाच आवडला.

संध्याकाळी घरी दादाचं मनगट धरून सराव करत होते, तर वहिनी भांडी पुसता पुसता म्हणाली, "काय गं, मघापासून नऊ वेळा 'ते असं म्हणाले, ते तसं म्हणाले'. मी मोजलं. कोण हे 'ते'?"

"प्रशिक्षक आहेत गं."

"असतील. पण तू सात वर्षांत आज पहिल्यांदा घरी गुणगुणत आलीस."

दादा ओरडला, "आधी माझा हात सोड, मग काय ते गुणगुण!"

शुक्रवार उजाडला, प्रशिक्षणाचा शेवटचा दिवस. चार वाजले. मास्तर काठी घेऊन दारापाशी, आणि समोर बाहेरून आलेला कोणीतरी नातेवाईक नेमका म्हणाला, "अहो आजोबा, शांत व्हा!" झालं! काठी वर गेली. तिघं वॉर्डबॉय धावले. माझे हात शिवशिवायला लागले. दोन पावलं टाकली की मास्तर माझ्या पकडीत, आणि उद्या बंद वॉर्डात.

मी तळहात दाखवून सगळ्यांना थांबवलं. नातेवाइकाला बाजूला घ्यायला खुणावलं. दीड हात कॉरिडॉरच्या टोकाला उभा होता. मी त्याच्याकडे बघितलं, या ना, म्हणून. तो आला नाही. फक्त मान हलवली, तुम्हीच.

मी दीड हात लांब, तिरकी उभी राहिले. "मास्तर, कुठे निघालात?"

मास्तरांच्या इथल्या तीन वर्षांत हे मी कधी विचारलंच नव्हतं. धरायची घाई!

ते थबकले. मी मनातल्या मनात आकडे मोजले, एक... दोन... दहापर्यंत गेले. मग काठी जरा खाली आली. "वर्गावर कोणी नाही गं. मुलं एकटी आहेत. हजेरीसुद्धा झालेली नाही."

"मग इथेच घेऊ या का, सर? मॉनिटर आहे ना मी."

"मुलं कुठायत?"

मी मागे बघितलं. तीन दांडगे वॉर्डबॉय एकमेकांकडे बघत बाकावर बसले. शेजारी मोठ्या सिस्टर बसल्या, पदर सावरून! आणि टोकाकडून खोट्याच धापा टाकत दीड हात आला, बाकाच्या कडेला टेकला.

"उशिरा का आलास?" मास्तरांनी दरडावलं.

"सर, सोमवारी सिस्टरांनी धरून ठेवलं होतं."

खसखस पिकली. मास्तरांनी काठी आपणहून भिंतीला टेकवली. "उभा राहा. सतराचा पाढा म्हण."

सतरा सक्कपर्यंत गाडी बरी चालली. पुढे बिचारा अडकला. मी ओठ न हलवता कुजबुजले, "एकशे एकोणीस..."

"मॉनिटर! कानात सांगायचं नाही!" मास्तर मला रागावले, आणि मग चक्क हसले. "याला पाढा पाठ करायला लाव. आता सुटी." काठी तिथेच राहिली. ते खोलीत जाऊन पाणी प्यायले आणि झोपले.

माझा जीव भांड्यात पडला, आणि डोळ्यांत पाणीच आलं. मोठ्या सिस्टरांनी त्याच संध्याकाळी पट्टे कपाटात घालून कुलूप लावलं, आणि रोज चार वाजता हजेरीचा तास वेळापत्रकात लिहून टाकला.

फाटकापाशी भुरभुर पाऊस होता. तो पाठीवर पिशवी घेऊन उभा, माझ्यापासून बरोबर दीड हात. तिरका!

"निघालात?"

"हो. सोमवारपासून दुसरं रुग्णालय. दोन तासांवर आहे."

"छान." अजिबात छान नव्हतं.

पाच दिवस लोकांना बोलायला शिकवणारा माणूस, आणि आता बोलती बंद. मी मनात मोजलं. दहा झाले. सतरा झाले!

"सिस्टर... मी दर रविवारी आलो तर चालेल?"

"कशाला? पट्टे तर कुलपात गेले."

"मास्तरांनी गृहपाठ दिलाय. पाढा."

"तो आठवड्यात पाठ होतो."

"माझं डोकं जरा जड आहे. वर्ष... दोन वर्षं लागतील."

"अहो, ताकाला जाऊन भांडं कशाला लपवताय?"

त्याने केसांतलं पाणी पुसलं. कान पुन्हा लाल. "बरं. तुम्ही मला आवडता. फार. त्या सोमवारी मनगट धरलंत ना, तेव्हापासून."

मग मीच दोन पावलं पुढे गेले आणि त्याचं मनगट धरलं. अगदी तीच पकड.

"अंगठ्याकडे वळवलंत की सुटेल," मी म्हणाले. "तुम्हीच शिकवलंय."

"माहीत आहे," तो म्हणाला. त्याने माझ्या अंगठ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. हात काही वळवला नाही.

वरच्या खिडकीतून हाक आली. "मॉनिटर! कोणाला धरलंयस गं?"

"पळून चालला होता, सर!"

"मग सोडू नकोस!"