वळणापलीकडची फीत

"शेपूट, दरीकडे बघू नकोस! पायाखाली बघ!" ठिणगी ओरडली.

"पायाखाली काय बघू? रस्ता तर नाकासमोर उभा आहे!" धाकटा भाऊ धापा टाकीत म्हणाला. ताईची पाठ सोडायची नाही असा त्याचा बाणाच होता, म्हणून तो शेपूट. पुढे चालणारा चुलतभाऊ शब्दाशब्दाला वाद घाली, म्हणून तो वकील.

वणवा लागला तर आगीचा बंब माथ्यावर पोचावा, यासाठी हा रस्ता डोंगरात कोरलेला होता. एका अंगाला तापलेला कातळ, दुसऱ्या अंगाला दरी, आणि सावली म्हणावी तर केवळ स्वतःची!

ठिणगीचे बाबा माथ्यावरच्या मनोऱ्याचे राखणदार होते. गतवर्षीच्या वणव्यात अर्धे रान भस्मसात झाले. 'राखणदाराला डुलकी लागली. खबर इतकी उशिरा आली की बंब पायथ्यावरूनच परतला,' असा ठपका ठेवून त्यांना काढून टाकण्यात आले. तेव्हापासून वर्गातली मुले ठिणगीला पाहिले की घोरून दाखवीत. उद्या दुरुस्त रस्त्याचे उद्घाटन होते, आणि मनोरा नव्या राखणदाराच्या हाती जाणार होता. त्याआधी बाबांची घोंगडी आणि विजेरी आणण्यास तिघे निघाले होते. बाबांची नेहमीची पाऊलवाट पलीकडच्या रानातून होती, पण ती वणव्यानंतर बुजली होती.

पहिल्या वळणाशी ठिणगी थबकली. "अरे, चुन्याने रंगवलेले दगड इथेच संपले!"

"चुना संपला असेल," वकील म्हणाला.

"आणि जीपच्या चाकांच्या खुणा? त्याही इथूनच मागे वळल्यात! प्रत्येक तपासणीला साहेब इथवरच येत असणार. जीपमधून उतरून चढायचे कोणी?"

वळण ओलांडताच शेपटाने किंकाळी फोडली. पुढचा रस्ता अर्ध्याहून अधिक दरीत कोसळला होता! माणूस कातळाला अंग घासून कसाबसा गेला असता. बंब जाणे अशक्य. पडझडीवर जुने गवत माजून वाळले होते.

"हे काही काल-परवाचे नाही," ठिणगी म्हणाली. तिने वाकून दगडांच्या सांदीतून काहीतरी उचलले. लाल, जाड काचेचा तुकडा.

वकिलाचा चेहरा उतरला. "आमच्या बाबांच्या बंबाचा मागचा दिवा... वणव्यानंतर त्यांनी नवा बसवला होता."

"म्हणजे बंब इथवर आला होता, आणि मागे घेताना कातळावर आदळला! खबर वेळेवर पोचली होती!"

आयुष्यात प्रथमच वाद न घालता वकिलाने मान डोलावली. त्याचे वडील, ठिणगीचे काका, बंब चालवीत.

"काच टाकून देऊ का?" तिने हलकेच विचारले.

"नको," तो म्हणाला. "मलाच दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी, या रस्त्याची देखभाल-दुरुस्ती वर्षानुवर्षे ज्याच्याकडे होती तो मुकादम पायथ्याशी घामाघूम होऊन धावपळ करीत होता.

"मुकादमकाका, फीत आम्ही बांधू?" ठिणगीने लाडीगोडी लावली.

"बांधा, बांधा! पण नीट ताणून!"

मुलांनी फीत ताणून बांधली खरी. पण पहिल्या वळणाच्या पलीकडे!

वनखात्याच्या मोठ्या बाई कात्री घेऊन आल्या. "फीत कुठे आहे?"

"वर आहे, बाई! चला ना!" शेपटाने त्यांचा हात धरला.

"अहो बाई, ऊन फार आहे, इथेच दुसरी बांधतो..." मुकादम तोतरे बोलू लागला. पण बाई चालू लागल्या होत्या, आणि त्यांच्यामागे सारी मंडळी.

वळणापलीकडे बाईंची कात्री हातातच राहिली. फितीमागे रस्ताच नव्हता.

"ही तुमची दुरुस्ती?" त्यांनी विचारले. मुकादमाची मान खाली गेली.

वकील पुढे झाला. त्याने तळहातावरची काच आपल्या वडिलांसमोर धरली. "बाबा, सांगा ना."

काकांनी काचेकडे पाहिले, मुलाकडे पाहिले. "आलो होतो," ते पुटपुटले. "खबर वेळेवर मिळाली होती. रस्ता नाही म्हणून मागे फिरलो. मुकादम म्हणाले, तोंड उघडलेस तर नोकरी जाईल."

"शाब्बास, मुलांनो!" बाई म्हणाल्या. "राखणदाराला आज सन्मानाने परत बोलावते. अशी मुले घरोघरी हवीत!" टाळ्यांचा कडकडाट झाला. घोरून दाखवणाऱ्या मुलांचे आईबापही त्यात होते. वकिलाने मात्र मान वर केली नाही.

ठिणगी धावतच घरी पोचली आणि एका दमात तिने सारे सांगून टाकले. बाबांनी तिच्या मस्तकावर हात ठेवला. "गुणाची गं माझी पोर!" मग ते उंबऱ्यावर बसले.

"म्हणजे तुझ्या काकाला पहिल्यापासून ठाऊक होते?"

तिने होकारार्थी मान हलवली.

"वर्षभर रोज रात्री माझ्या शेजारी जेवायला बसत होता," बाबा म्हणाले. "आणि म्हणायचा, दादा, होते कधी कधी, लागते माणसाला डुलकी."