काचेवरची उलटी तारीख

टक्!

खडीने भरलेल्या ट्रकमधून एक दगड उडाला आणि थेट तिच्या गाडीच्या पुढच्या काचेवर आपटला. दगड असेल शेंगदाण्याएवढा, पण तिच्या काळजाचा ठोकाच चुकला. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा तिने नीट पाहिलं. शेजारच्या सीटसमोर, काचेच्या खालच्या कोपऱ्यात एक छोटी चांदणी उमटली होती आणि तिच्यातून बोटभर लांबीचा तडा निघाला होता.

खिडकीवर कुणीतरी टकटक केली.

"तुमच्या काचेला तडा गेलाय."

"दिसतंय मला!" ती वैतागून म्हणाली. "त्याच काचेतून बघते मी."

"तडा गेला तो गेला. आत धूळ जायला नको." असं म्हणत त्याने खिशातून पारदर्शक टेप काढली, दातांनी तोडली आणि त्या चांदणीवर अंगठ्याने दाबून बसवली. मागे त्याची व्हॅन उभी होती, तिच्यात चार-पाच काचा दाटीवाटीने उभ्या. "त्या पुलाखाली दुकान आहे माझं. बुधवारी या. बुधवारी गर्दी नसते."

सिग्नल सुटला. मागून हॉर्न वाजायला लागले. तो पळत व्हॅनकडे गेला... आणि तिच्या लक्षात आलं, टेपवर त्याच्या अंगठ्याचा ठसा राहिलाय. स्वच्छ, गोल, सगळ्या रेघांसकट. दिवसभर गाडी चालवताना तिची नजर रस्त्यावर कमी आणि त्या ठशावरच जास्त.

तिचं काम मुलांचे कान तपासण्याचं. रोज एक नवी शाळा. मुलांच्या कानांवर हेडफोन चढवायचे, बारीक आवाज सोडायचे आणि सांगायचं, "आवाज आला की हात वर कर." मुलं तिला 'कानाच्या बाई' म्हणत. दुसऱ्यांच्या कानांबाबत ही बाई पक्की, स्वतःच्या बाबतीत मात्र तिचं कशाचंच नक्की नसे. चप्पल घ्यायची तर तीन दुकानं, पडदे निवडायचे तर तीन महिने. तिच्या आईने तर घरात निर्णय-समिती नेमायचीच बाकी ठेवली होती.

बुधवारी ती दुकानात गेली. त्याने टेप काढली, चांदणीत कसलासा चिकट द्रव भरला आणि भिंग लावून बराच वेळ बघत राहिला.

"काच बदलायची का?" तिने विचारलं.

"तुम्ही सांगा."

"मी कसं सांगू? काचवाले तुम्ही."

तो हसला. बोनेटपाशी वाकून त्याने काळ्या मार्करने तड्याच्या टोकाशी एक आडवी रेघ मारली आणि शेजारी तारीख लिहिली. "तडा या रेघेच्या पुढे गेला, तर त्याच दिवशी बदलायची. नाही गेला, तर चालेल. तुमच्या गाडीची काच मागवून ठेवतो. दर बुधवारी दाखवून जा."

'दर बुधवारी' म्हणताना तो भिंग पुसत होता. भिंग तर स्वच्छच होतं!

दुसऱ्या बुधवारी तो कडा घासायच्या मशीनवर वाकलेला होता. ती काहीही बोलली की याचं आपलं "अं?"

"कधी कान तपासलेत?" तिने शेवटी विचारलं. "दिवसभर ही घरघर ऐकता. बसा स्टुलावर. पाठ माझ्याकडे. आवाज आला की हात वर करायचा."

तो आज्ञाधारक मुलासारखा बसला. ती मागे उभी राहून अगदी हळू म्हणाली, "छत्री."

हात वर.

"मांजर."

हात वर.

"बशी..." हे तिचं तिलाही जेमतेम ऐकू आलं. तरी हात वर. मग ती नुसतीच उभी राहिली. त्याच्या मानेवर काचेची बारीक भुकटी चमकत होती. फुंकर मारावी का... छे, काहीतरीच!

हात खालीच राहिला.

"शेवटचं काय म्हणालात?" त्याने मान वळवली.

"काहीच नाही. काही लोक उगीचच हात वर करतात. त्यांना पकडायला मी मुद्दाम गप्प राहते."

"मी खोटं नाही बोलत, कानाच्या मॅडम."

हे नाव त्याला कुणी सांगितलं, कोण जाणे. पण ते त्याच्या तोंडी ऐकून तिचे कानच गरम झाले.

त्याच आठवड्यात घरी पत्र आलं. चार तासांच्या अंतरावरच्या मोठ्या रुग्णालयात, अगदी तान्ह्या बाळांना श्रवणयंत्रं बसवण्याचं काम. हेच काम तिला हवं होतं, किती वर्षांपासून! होकार किंवा नकार पुढच्या महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी संध्याकाळपर्यंत कळवायचा होता.

"अगं, उत्तर देऊन टाक," आई म्हणाली.

"बघू."

"तुझं हे 'बघू' मला एक दिवस वेड लावणार आहे. त्या काचेचं काय झालं?"

"बघू."

आईने कपाळावर हात मारून घेतला.

तिचा जीव कशात म्हणजे कशात लागेना. किल्ली हातात घ्यायची, परत खुंटीला अडकवायची. पत्र उघडायचं, मिटायचं. तिला जायचं होतं, यात शंकाच नव्हती. पण जाण्याआधी एक गोष्ट कळायला हवी होती, आणि ती विचारायची कशी? पुलाखाली दुकान असलेल्या माणसाला सरळ जाऊन म्हणायचं, मी निघालेय, तुम्हाला काही वाटतं का? काच बदलली की बुधवार संपले. बुधवार संपले की...

काच तर केव्हाच आली होती. दुकानाच्या भिंतीला टेकून, तिच्या गाडीच्या नंबराची चिठ्ठी लावून उभी होती. "म्हणाल तेव्हा बसवतो," तो म्हणायचा. ती म्हणायची, "रेघेच्या पुढे कुठे गेलाय अजून?"

आणि एका सोमवारी तो गेला. चांगला चार बोटं पुढे.

मंगळवारी सकाळी तिने काय केलं, ते सांगायला नको, पण सांगावं लागतंय. तिने ओल्या फडक्याने काच खसाखसा पुसली. त्याची रेघ गेली, तारीख गेली. मग शाळेबाहेर गाडीत बसून, कुणी बघत नाही ना ते पाहून, तिने पर्समधून मार्कर काढला आणि शेजारच्या सीटवर ओणवी होऊन तड्याच्या नव्या टोकाशी रेघ मारली. शेजारी त्याचीच जुनी तारीखही लिहिली. अगदी परीक्षेत कॉपी केल्यासारखी.

बुधवारी तो बोनेटपाशी उभा राहिला. बराच वेळ. एकदा त्याने रेघेवर बोटही फिरवलं.

"हलला नाही," तो म्हणाला. "म्हणजे... पुढच्या बुधवारी या."

सुटले, असं वाटून ती घरी आली. आणि रात्रभर कूस बदलत राहिली. पुढच्या बुधवारी? शुक्रवार तर त्याच्या आधी होता!

त्या शुक्रवारी सकाळी ती शाळेकडे निघाली होती. ऊन समोरून येत होतं. गतिरोधकावर गाडी किंचित आदळली आणि तिला तो आवाज आला, आधी बारीक, मग लांबत गेलेला. तडा काचेवरून धावत थेट तिच्या डोळ्यांसमोर आला. त्यात ऊन शिरलं. समोर नुसता उजेड, दुसरं काहीच नाही! तिने ब्रेक दाबला.

गाडी थांबली तेव्हा सायकल हातात धरलेले एक आजोबा बंपरपासून वीतभर अंतरावर उभे होते.

"डोळे आहेत की बटणं?" आजोबा ओरडले आणि निघून गेले.

तिने शाळेला फोन करून आज जमणार नाही म्हणून सांगितलं, आणि गोगलगायीच्या गतीने, मान तिरकी करून बघत, गाडी पुलाखाली आणली.

काच पाहून त्याचा चेहरा उतरला.

"लागलं का कुठे?"

"मला नाही. कुणालाच नाही. पण एक आजोबा..." तिने तड्याकडे बोट दाखवलं. "मी फसवलं तुम्हाला. तडा पुढे गेला होता. मी तुमची खूण पुसली आणि..."

"माहीत आहे."

"काय?"

"तारीख उलटी होती, मॅडम. मी खूण करतो ती इथे उभं राहून, बाहेरून. तुम्ही आत बसून लिहिलीत. मला आरशातल्यासारखी दिसली." तो हसला नाही. "मी त्याच दिवशी गाडीची किल्ली काढून घ्यायला हवी होती. घेतली नाही. काच बसवली तर तुम्ही परत कशाला येणार... एवढंच डोक्यात होतं. चूक तुमच्यापेक्षा माझी मोठी आहे. मी काचवाला आहे."

इतके दिवस दोघं एकाच तड्याला सांभाळत होते तर!

"आज बदला," ती म्हणाली. "आत्ता. आणि अजून एक... मला चार तास लांब नोकरी मिळतेय. आज उत्तर द्यायचंय."

त्याने मान हलवली. "मग चांगलीच बसवायला हवी," एवढंच म्हणाला आणि कामाला लागला.

जुनी काच निघाली. चौकटीवर नवा काळा गोंद लागला. ती दुकानात येरझाऱ्या घालत होती.

"बसा ना."

"बसवत नाही."

त्याने रबरी वाट्या असलेल्या दोन मुठी नव्या काचेला चिकटवल्या, काच उचलली आणि चौकटीवर धरली. पाठ तिच्याकडे, दोन्ही हात गुंतलेले. आत्ता नाही तर कधीच नाही. ती त्याच्या मागे जाऊन उभी राहिली आणि 'बशी'पेक्षाही हळू म्हणाली,

"तुम्ही मला आवडता. नुसते बुधवारी नाही... सगळे वार."

तो हलला नाही.

काच जागेवर टेकली. त्याने एकेक कड दाबली. मुठी काढल्या. टेपची एक पट्टी लावली. दुसरी. तिसरी. तिला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. पळून जावं तर गाडीही त्याच्याच ताब्यात! चौथी पट्टी त्याने नखाने गुळगुळीत केली, दोन पावलं मागे सरून काम पाहिलं...

आणि पाठमोराच, गोंदाने काळा झालेला उजवा हात वर केला.

"इतक्या वेळाने?" ती जवळजवळ रडतच ओरडली.

"हात सोडला असता तर काच पायावर आली असती."

"मी जाणार आहे," ती घाईघाईने म्हणाली. "मला ते काम हवंय. तुमच्यासाठी सोडणार नाही मी ते."

"सोडू नका." तो वळला. त्याचे डोळे हसत होते. "तिथे गाड्या आहेत ना?"

"म्हणजे काय! ढिगाने."

"मग काचा तडकतच असतील."

तिने तिथेच, स्टुलावर बसून, फोनवरून होकार कळवला. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. आईला हे खरं वाटणार नव्हतं.

"उद्यापर्यंत गाडी हलवायची नाही," तो हात पुसत म्हणाला. "दार आपटायचं नाही. गोंद वाळायला वेळ द्यायचा. चला, व्हॅनमधून घरी सोडतो."

"आईला काय सांगू?"

"सांगा, काच बदलली."

ती व्हॅनमध्ये बसली. तो शटर ओढत होता तेवढ्यात तिने पर्समधून मार्कर काढला आणि त्याच्या धडधाकट काचेवर, आतून, आजची तारीख लिहिली. कुलूप लावून तो बोनेटपाशी आला आणि थबकला. मग उन्हातच उभा राहून, मान वाकडी करून, तिची उलटी तारीख वाचत राहिला.