शिट्टी खाडीत परत सोडणेबाबत

विषय : संग्रहालयातील काचकपाट क्रमांक चारमधली वैमानिकाची शिट्टी दिघीच्या खाडीत परत सोडण्यास परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ : रात्रीचा पहारेकरी धाकू याचा अर्ज.

हसू नका रे. उभा जन्म कारकुनीत गेला. आता भूतसुद्धा मला विषय-संदर्भाशिवाय सांगता येत नाही. प्राप्ती, त्या दाराला कडी घाल. वारा येतो म्हणून सांगतोय, दुसरं काही नाही.

धाकू आपल्याच वाडीतला. जेट्टीच्या वरच्या अंगाला जुन्या गोदामात ते लहानसं संग्रहालय आहे ना, तिथं पहाऱ्याला असतो. महायुद्धात एक विमान खाडीच्या तोंडाशी पडलं, त्याचं सामान तिथं मांडलंय. पंख्याचं वाकडं पातं, उंची दाखवणारी तबकडी, कातडी टोपी आणि कोटाच्या कॉलरला अडकवायची पितळी शिट्टी. पाण्यात पडलेल्याने ती वाजवायची, म्हणजे कोणीतरी धावून येतं, अशी गोऱ्या सरकारची समजूत.

काय म्हणालास, प्रणय? आलं का कोणी?

त्या रात्री धाकूचा बाप खाडीत होडीवर होता. तरणा होता तेव्हा. अंधारातून शिट्टी आली. थोड्या वेळाने पुन्हा. आता आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहे. रात्री पाण्यावरून हाक आली तर तिसरी येईपर्यंत ओ द्यायची नाही. तिसऱ्यांदा हाक मारतो तो माणूस. ते दुसरं जे असतं, ते दोनदाच मारतं. बाप वल्हं आडवं धरून तिसरीची वाट बघत बसला. नियम हाकेचा, वाजली होती शिट्टी. पण नियम लावताना एवढा विचार आम्ही कचेरीतही कधी केला नाही.

तिसरी आली नाही. सकाळी ओहोटीला तिवरांत तो गोरा पोरगा सापडला. शिट्टी दातांत.

बापाने ती जन्मभर जपली. वाजवली कधीच नाही. मरताना धाकूला म्हणाला, "ज्याची हाय त्याला दे. खाडीत सोड."

धाकूने ती संग्रहालयाला दिली. पहाऱ्याची नोकरी लागली आणि पाटीवर 'दाते' म्हणून नाव आलं. मी म्हणायचो, "धाकू, बापाचं पाप काचेत मांडून वर त्याची राखण करणारा तूच पहिला." तो हसायचा. बारीकसं.

तर मंगळवार, बारा डिसेंबर, दोन हजार तेवीस. कार्तिकातली अवस. दुसऱ्या दिवशी साहेब तपासणीला येणार, म्हणून दिवसभर कोणी न केलेलं काम धाकूच्या गळ्यात पडलं. कपाटांच्या काचा पुसायच्या. बादली आणि जुनी वर्तमानपत्रं घेऊन तो लागला. दीडच्या सुमाराला चौथ्या कपाटाशी आला.

काचेवर डाग होता. शिट्टीच्या बरोबर समोर. अंगठ्याएवढा, धुरकट.

पुसला. गेला नाही. जोर लावून पुसला.

डाग आतून होता.

वाफ होती ती. तोंडापुढे काच धरली की धरते तशी. वाढली... ओसरली... पुन्हा वाढली.

कपाट सीलबंद.

मग शिट्टी वाजली. हळू. पाण्यापलीकडून यावी तशी.

धाकूच्या हातातला कागद काचेवरच थांबला.

दुसरी वाजली.

बोल ना आता, प्रणय. मघाशी फार हसत होतास.

धाकूला ठाऊक होतं. तिसरी येणार नाही. ओ द्यायची तर आत्ताच. तोंड उघडलं...

जीभ उचलेना. रीत बापानेच शिकवलेली.

तो वाट बघत राहिला...

...

तिसरी आली नाही.

उजाडताना माझ्या पडवीत येऊन बसला. चहा निवला, त्याने हात लावला नाही. "भाऊ," म्हणाला, "बापाला तरी म्हाईत न्हवतं त्यो कोन हाय. मला म्हाईत व्हतं."

मी म्हटलं, "काच फोड आणि दे सोडून."

"आनि चोर म्हनून धरायचा कोनाला? पहारा माजाच हाय."

म्हणून अर्ज. मीच लिहून दिला, माझ्या उत्तम अक्षरात. वरून उत्तर आलं, मूळ मालकाचं किंवा त्याच्या वारसाचं संमतिपत्र जोडावं. मूळ मालक कसा मेला, ते अर्जाच्या पहिल्याच परिच्छेदात लिहिलं होतं. तसं कळवलं. पुढे काही आलं नाही.

आता दर अवसेला धाकू त्या कपाटापुढे बसतो आणि कोणी हाक मारायच्या आधीच रात्रभर ओ देत राहतो. शिट्टी पुन्हा वाजलेली नाही.

वाफ आहे. यंदा मे महिन्याच्या उकाड्यात, भर दुपारी मी स्वतः जाऊन पाहिली. रुमालाने पुसूनही पाहिली.

अर्ज प्रलंबित आहे.