ठेवायला घेतलेले शेअर

प्रशिक कांबळे चुकीच्या दारातून आत आला आणि उंबऱ्यातच सात वेळा शिंकला. निपाणीच्या तंबाखू वखारीत नवखा माणूस शिंकायचाच! ओवीनं हसत आपला रुमाल पुढे केला. वखारीचे मालक, तिचे वडील आप्पा गेल्यापासून चार महिन्यांत ती पहिल्यांदाच हसली होती.

बेळगावचा हा कर सल्लागार खरं तर शेजारच्या पेढीवर निघाला होता. ओवीनं त्यालाच आयकराची नोटीस दाखवली. आप्पा आणि त्यांचे भागीदार हरिकाका यांच्या फर्मनं वीस वर्षांपूर्वी शेअर घेतले आणि दोन वर्षांपूर्वी आप्पांच्या उपचारासाठी विकले. दिवाणजींनी मात्र ते तंबाखूच्या पोत्यांसोबत मालाच्या यादीत चढवले होते. वखारीत आलं ते सगळं मालच, ही त्यांची समजूत! आयकर खातं म्हणे, ही गुंतवणूक नव्हे, धंदा. कर धंद्याचा, म्हणजे जास्तीचा भरा. तेवढा भरायचा तर वखार विकावी लागणार होती.

"घेताना मनात काय होतं, ते कायदा बघतो," प्रशिक म्हणाला. "ठेवायचं, का विकायचं?"

"आप्पांच्या मनातलं आता कोण सांगणार हो?" ओवीनं विचारलं.

"वागणं सांगतं," प्रशिक म्हणाला. "अठरा वर्षं विकलं नाही, ते सांगतं."

तो दर शनिवारी येऊ लागला. पहिल्याच दिवशी हरिकाकांनी त्याचं आडनाव विचारलं, आणि तेव्हापासून आतून चहाचा एक कप कमीच येई. ओवी गुपचूप आपला कप त्याच्याकडे सरकवायची. तो अर्धा पिऊन परत सरकवायचा.

अखेर जुन्या दप्तरात दोन्ही भागीदारांच्या सहीचा, हरिकाकाही विसरलेला ठराव सापडला — शेअर ओवीच्या शिक्षणासाठी जपून ठेवायचे. खात्यानं गुंतवणूक मान्य केली. वखार वाचली.

फाईल परत देताना प्रशिक खाली बघत म्हणाला, "सोमवारी बेंगळुरूला चाललोय. नोकरी लागली."

ओवीला त्याच्या उघड्या बॅगेत आपला रुमाल दिसला. धुतलेला, घडी घातलेला.

"हा परत न्हाई दिला… घेताना मनात काय होतं?"

"ठेवायचंच होतं." त्याचे डोळे पाणावले. "पण हरिकाका… माझं आडनाव…"

ओवीनं बॅगेची चेन हळूच लावली, रुमाल आतच ठेवून.

"काकांची सही फर्मला लागते," ती म्हणाली. "ह्या भागीदारीला तुमची न् माझी पुरे."