प्रेरणास्थान, हडपसर

जे संपलं ते संपलं, असं शांतपणे म्हणू शकणारी माणसं इतिहासात फार थोडी होऊन गेली. उरलेल्यांसाठी हडपसरला इंग्रजीचा क्लास होता. मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी, शिकवणाऱ्या नीरजाच्या घरावरच्या पत्र्याच्या खोलीत. पत्रा दोन ठिकाणी गळायचा. एका धारेखाली बादली असे आणि दुसरीखाली बजरंग.

बजरंग तिथे येऊन बसला तो एका अपघातामुळे.

श्रावणातली भुरभुर चालू होती. नीरजा मंडईतून भाजी घेऊन स्कूटीवरून घरी चालली होती. चौकात सिग्नल लागला, ती थांबली आणि वरून एक भावी नगरसेवक तिच्या अंगावर पडला. म्हणजे त्यांचा फ्लेक्स पडला. वाढदिवसाचा. आपल्याकडे फ्लेक्सवर ‘भावी’ हा शब्द ठसठशीत लिहितात आणि ‘माजी’ हा बारीक, त्यामुळे ओझं बरंच होतं.

खांबावर चढून तो फ्लेक्स बांधत होता बजरंग. वडिलांचं उसाचं रान बिल्डरला गेलं, त्या पैशात घरी जेसीबी आला. जेसीबी चालवायला माणूस होता, त्यामुळे बजरंगला समाजकार्याला वेळ होता. तो घसरत खाली आला, फ्लेक्सची कड उचलली... आणि आत ती होती. हेल्मेट वाकडं, खांद्यावर मेथीची काडी, आणि डोळे असे की बजरंगला एकदम आठवलं, आपण आज दाढी केलेली नाही.

“लागलं का?”

“नाही. कुणी बांधला हो हा?”

“काय माहीत... असतात अशी पोरं.”

“यांच्या घरी आरसे नसतात का?”

बजरंगने खाली पाहिलं. फ्लेक्सच्या खालच्या ओळीत शुभेच्छुकांचे फोटो होते. डावीकडून चौथा त्याचाच. त्याने पाय उचलला आणि अगदी सहज, गप्पांच्या ओघात, त्या फोटोवर ठेवला.

स्कूटीच्या मागे क्लासचं नाव आणि पत्ता चिकटवलेला होता. मंगळवारी तो वर्गात हजर होता, दाढी करून.

वर्गात धडा चालला होता संपलेल्या गोष्टींचा. पूर्वी होतं, आता नाही, हे सांगायला इंग्रजीत किती सोयी आहेत, ते नीरजा फळ्यावर लिहीत होती. युज्ड टू. नो लाँगर. नॉट एनी मोअर. नावामागे नुसतं एक्स लावलं तरी भागतं. मला विचाराल तर त्यात आश्चर्य नाही. ज्यांचं एवढं राज्य गेलं, त्यांच्याकडे शब्द साठणारच.

प्रत्येकाने आपल्यावरून एक वाक्य करायचं होतं. सकीना नावाची शिवणकाम करणारी बाई उठली आणि म्हणाली, “आय युज्ड टू बी थिन,” आणि बसली. वर्गाने आदराने ऐकून घेतलं. मग बजरंगची पाळी आली.

“आय युज्ड टू... रोम अराउंड विथ फ्लेक्स बॉइज. नॉट एनी मोअर.”

नीरजा हसली. नीट, दोन्ही गालांनी. त्या हसण्यात बजरंग जो भिजला तो पत्र्यामुळे नव्हे.

“खरंच सोडलंत?” तिने वर्ग सुटल्यावर विचारलं.

“खरंच.”

“मला वाटलं, नुसतं व्याकरण आहे.”

त्याच संध्याकाळी तो आठ वाजता खांबावर होता. कुणाच्या तरी पुतण्याला पाच वर्षं पूर्ण होत होती. दोरीची गाठ मारताना आयुष्यात पहिल्यांदा त्याचे कान तापले. लांबून स्कूटीचा आवाज आला की तो फ्लेक्सच्या मागे सरकायचा आणि पाच वर्षांच्या बाळराजांच्या गॉगलमागे तोंड लपवायचा. पुढचे कितीतरी दिवस हे असंच चाललं. वर्गात ती विचारायची, मित्र काय म्हणतात? तो म्हणायचा, कोण मित्र? ती वहीत बरोबरची खूण करायची. एवढी खोटी बरोबरची खूण त्याला शाळेतही मिळाली नव्हती.

आणि मग त्याचाच वाढदिवस आला.

हिंदुराव हा त्याचा जिवलग. त्याने रात्रीच फ्लेक्स लावला होता, आणि प्रेमाने लावला होता, नेमका क्लाससमोर. बजरंग गॉगल घालून, फोन कानाला लावून, एक पाय जेसीबीच्या दातांवर ठेवून उभा. खाली ओळ, ‘इंग्रजीचे गाढे अभ्यासक’. आणि वर, जिथे दोन गोल असतात तिथे, एका गोलात बजरंगचे वारलेले आजोबा सोनबा आणि दुसऱ्या गोलात, क्लासच्या जाहिरातीतून कापून घेतलेली, हनुवटीखाली हात धरलेली नीरजा. दोघांच्या मध्ये शब्द होता, ‘प्रेरणास्थान’.

“आरं, तुझ्या मॅडमला बी घेतलंय,” हिंदुराव म्हणाला. “वर घेतलंय. खाली न्हाई.”

त्याचं काही चुकलं होतं असं नाही. मान द्यायचा तर वरच देतात. पण वरच्या गोलात बहुधा पुढारी असतात किंवा गेलेली माणसं, आणि नीरजा पुढारी नाही हे गावाला ठाऊक होतं. शिवाय शेजारी सोनबा होते. सकाळपासून नीरजाच्या वडिलांना, श्यामसुंदररावांना, फोन येत होते. लोक आवाज खाली घेऊन विचारत होते, कधी झालं?

संध्याकाळी बजरंग भिंतीच्या कडेकडेने वर्गात आला. नीरजाने नेहमीसारखं शिकवलं. त्याच्याकडे सोडून सगळीकडे पाहिलं. शेवटी फळा पुसता पुसता, वर्गाकडे पाठ करून, ती एवढंच म्हणाली, “माझे वडील दिवसभर लोकांना मी जिवंत असल्याचं सांगतायत. त्यांना बीपी आहे.”

ओरडली असती तर बजरंगला सोसलं असतं. तो उठला. खाली गेला. समोरच्या दुकानातून शिडी मागून आणली आणि भर रहदारीत, स्वतःच्या वाढदिवसाला, स्वतःचा फ्लेक्स उतरवायला चढला. रिक्षा थांबल्या. कुणीतरी मोबाइल काढला. हिंदुराव पळत आला.

“आरं, सोताचा फ्लेक्स कुणी सोता उतरवतंय व्हय? अपशकुन असतोय.”

“असू दे. यापुढं मी न्हाई, हिंदुराव. न्हाई फोटोत, न्हाई खांबावर.”

हिंदुरावने एकदा वर बघितलं. मग त्याने शिडी धरली.

गुंडाळी खांद्यावर घेऊन बजरंग वर आला तेव्हा वर्ग सुटला होता. बादलीत थेंब पडत होता. नीरजा खिडकीशी उभी होती, आणि तिथून समोरचा खांब स्वच्छ दिसत होता.

“तुमच्या वडिलांची मी खाली माफी मागितली,” तो म्हणाला. “त्यांनी चहा विचारला. ते जास्त लागलं.”

तिने हातावरचा खडू झटकला.

“अजून एक आहे. तो पहिला... तुमच्या अंगावर पडलेला. तो मीच बांधला होता.”

“माहीत आहे.”

“कसं?”

“डावीकडून चौथे. पाय काढलात तेव्हा दिसला.”

बजरंगला वाटलं, आता आपण त्या बादलीत मावलो तर बरं.

“मग... मला क्लासला घेतलंत कशाला?”

“म्हटलं, स्वतःच्या तोंडावर पाय ठेवणारा माणूस आहे. आज ना उद्या सुधारेल. वेळ फार लावलात.”

खांद्यावरची गुंडाळी त्याने दुसऱ्या खांद्यावर घेतली. मग परत पहिल्या.

“मॅडम, ते प्रेरणास्थान वगैरे हिंदुरावने लिहिलं. तसं काही नाही. मला तुम्ही... नुसत्या आवडता.”

थेंब पडला. आणखी एक पडला.

“आवडायच्या, की आवडता?”

“आवडता. म्हणजे... चालू आहे अजून. बंद पडायचं लक्षण नाही.”

नीरजाने तोंड खिडकीकडे फिरवलं. पण तिचे कान लाल झाले होते, आणि कान काही फिरवता येत नाहीत.

“जाड आहे का?” तिने बाहेर बघतच विचारलं.

“कोण?”

“फ्लेक्स.”

“चांगल्यातला आहे. हिंदुराव हलकं लावत नाही.”

“मग वर पत्र्यावर अंथरा. चेहरे आभाळाकडे ठेवा आपल्या दोघांचे, मला खाली शिकवायचं असतं.” ती वळली. आता ती हसत होती, दोन्ही गालांनी. “आणि एक... वारा असतो, विटा ठेवाव्या लागतील. तेवढी वीट माझ्या तोंडावर ठेवू नका. तुमच्या ठेवा.”